जाहिरातीत फोन नंबर असा तोडूनमोडून का लिहितात?

आंबेवाला_देवगड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमे आहेत. माल बहुतांशी वाशीलाच जातो. मात्र अलीकडे काही पेट्या मी इंटरनेटवर जाहिरात देऊन पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पाठवतो. बागेसाठी जुना पॉवर टिलर मिळतो का, हे पाहण्यासाठी सध्या मी जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळत आहे आणि त्यांत वारंवार दिसणाऱ्या एका प्रकाराचा मला उलगडा होत नाही.

कुडाळकडच्या एका गृहस्थांनी टिलरच्या जाहिरातीत फोन नंबर देताना पहिले चार आकडे अक्षरांत, मधले दोन मराठी अंकांत आणि उरलेले इंग्रजी अंकांत लिहिले आहेत, तेही प्रत्येकाच्या मध्ये एकेक फुली टाकून. वेंगुर्ल्याच्या होडीच्या इंजिनाच्या जाहिरातीत शून्यांच्या जागी इंग्रजी ओ हे अक्षर आहे. गुहागरकडच्या एका जमिनीच्या जाहिरातीत तर मजकुरात नंबरच नाही. जांभ्या दगडाच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, चुन्याने लिहिलेला नंबर फोटोत तेवढा दिसतो.

ज्याला वस्तू विकायची आहे, त्याला फोन यायला हवे असतात. मग तोच मनुष्य आपला नंबर कोणापासून लपवतो? असा नंबर असलेली जाहिरात विश्वासाची समजावी की संशयाची? आणि आंब्याच्या जाहिरातीत मीही असेच करावे का? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

कोडवाला_चिपळूण

हा नंबर मुख्यतः यंत्रांना वाचता येऊ नये म्हणून मोडलेला असतो. जाहिरातींची पाने उघडून त्यांतले फोन नंबर वेचून ठेवणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात, आणि आपल्याकडचा मोबाईल नंबर ओळखणे त्यांना अतिशय सोपे जाते, कारण तो नेहमी दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ यांपैकीच एका आकड्याने सुरू होतो. सलग आलेले असे दहा आकडे शोधण्यासाठी प्रोग्राममध्ये जेमतेम एक ओळ लिहावी लागते.

नुसत्या नंबराला फारशी किंमत नसते. जाहिरातीतून उचललेल्या नंबराबरोबर त्या माणसाचे गाव, तो काय विकतो आहे आणि किती रुपयांची अपेक्षा धरून आहे, एवढे सगळे आयते मिळते. टेम्पो विकणाऱ्याला नव्या गाडीच्या कर्जाचा फोन येतो, जमीन विकणाऱ्याला दहा एजंटांचे येतात, आणि खोली भाड्याने देणाऱ्याला रंगकामापासून विम्यापर्यंत सगळ्यांचे येतात, ते यामुळेच. शिवाय आपल्याकडे मोबाईल नंबर ही माणसाच्या ओळखीचीच किल्ली झाली आहे. त्यावरून व्हॉट्सॲपवरचा फोटो दिसू शकतो, ट्रूकॉलरवर लोकांनी नोंदवलेले नाव कळते, आणि त्याच नंबरावर यूपीआय चालू असेल तर पैसे पाठवायचा नुसता बहाणा केला तरी खातेदाराचे नाव पडद्यावर येते.

आता कुडाळच्या गृहस्थांच्या युक्तीबद्दल. मराठी अंकांना युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या सामाईक यादीत, स्वतंत्र संकेतांक आहेत, त्यामुळे माणसाच्या दृष्टीने ५ हा कोणत्याही लिपीतला पाचच असला, तरी यंत्राच्या दृष्टीने ती वेगवेगळी चिन्हे असतात. त्यातली गंमत अशी, की 'कोणताही एक अंक' या अर्थाची जी खूण प्रोग्राममध्ये वापरतात, ती जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंकांना लागू पडते, पण पायथनच्या चालू आवृत्त्यांत तीच खूण देवनागरी अंकही पकडते. म्हणजे त्या गृहस्थांचा नंबर सुटला की सापडला, हे पलीकडच्या प्रोग्रामरने कोणती भाषा वापरली यावर ठरते. मधल्या फुल्यांचा उपयोग त्याहूनही कमी आहे, कारण अंकांखेरीजची सगळी चिन्हे आधी गाळायची आणि मग दहा आकडे मोजायचे, ही अगदी पहिल्या धड्यातली रीत आहे. अक्षरांत लिहिलेला नंबर काही काळ बराच सुरक्षित होता. आपण नंबर जोडीजोडीने सांगतो आणि मराठीत नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक संख्येचे रूप निराळे; त्यात 'अठ्ठ्याण्णव' हा शब्द लोक तीन-चार तऱ्हांनी लिहितात. इंग्रजी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या प्रोग्रामांनी एवढी उठाठेव कधी केली नाही.

हे सगळे 'होते' म्हणण्यासारखे झाले आहे. फोटोतला मजकूर वाचणारी साधने आता फोनमध्येच असतात, आणि हल्लीच्या भाषा-मॉडेलांना अक्षरे, अंक, ओ आणि फुल्या यांची कशीही खिचडी दिली तरी ती सरळ नंबर काढून देतात. मोडलेले नंबर जोडण्याचे काम खरे तर त्याआधीच सुरू झाले होते. अमेरिकेत मानवी तस्करीच्या जाहिरातींमध्ये नंबर मुद्दाम शब्द आणि चिन्हे मिसळून लिहिलेले असत. एकाच टोळीच्या निरनिराळ्या शहरांतल्या जाहिराती जोडता याव्यात म्हणून संशोधकांनी ते उलगडणारे प्रोग्राम तयार केले. तिथल्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने २०१४ मध्ये हाती घेतलेल्या मेमेक्स प्रकल्पातली साधने या कामी वापरली गेली. तेव्हा लपवणाऱ्याने फार मोठा अडसर घातला आहे, असे मानू नये. आळशी प्रोग्राम अडतात. पैसे खर्चून काम करणारे अडत नाहीत.

खाडीकाठ

वरील उत्तर योग्य आहे, परंतु निम्मेच आहे. मी रत्नागिरीला परत येण्यापूर्वी मुंबईत अशाच एका संकेतस्थळासाठी जाहिराती तपासण्याचे काम करत होतो. तेव्हाचा माझा अनुभव असा, की नंबर तोडून लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळ जणांना बाहेरच्या चोरांची कल्पनाही नसते. ते नंबर लपवतात तो खुद्द संकेतस्थळापासून.

अनेक संकेतस्थळांचा नियम असतो की जाहिरातीच्या मजकुरात फोन नंबर लिहू नये. तो नोंदणीच्या रकान्यात भरावा आणि गिऱ्हाइकाने ॲपमधल्या संदेशांतूनच संपर्क करावा. मजकुरात दहा आकडे दिसले की जाहिरात आपोआप अडकते किंवा तेवढा भाग पुसला जातो. मग जाहिरातदार आकड्यांच्या मध्ये फुल्या घालतो, त्याने भागले नाही तर अक्षरांत लिहितो, आणि तेही अडले तर गडग्यावर चुन्याने लिहून फोटो काढतो. गुहागरच्या त्या जमिनीच्या मालकाने किंवा एजंटाने हेच केले असावे, असा माझा अंदाज आहे.

संकेतस्थळाचा असा आग्रह का असतो, त्याला दोन कारणे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एक धंद्याचे. साधी जाहिरात बहुधा फुकट असते. कमाई होते ती जाहिरात वर आणण्याच्या शुल्कातून आणि गाड्यांचे व जमिनींचे व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्यांकडून, ज्यांना गिऱ्हाइकांची चौकशी मोजून विकली जाते. पहिल्याच ओळीत नंबर मिळाला, तर ती चौकशी मोजायची कशी? दुसरे कारण सुरक्षिततेचे. फसवणाऱ्याला संभाषण ॲपबाहेर न्यायची फार घाई असते, कारण ॲपमधले संदेश पुढे तक्रारीच्या वेळी पुरावा म्हणून राहतात आणि एका खात्याविरुद्ध तक्रारी आल्या की ते बंद करता येते. जाहिराती तपासणाऱ्या माणसाला मात्र मोडलेला नंबर पाहून यातला कोणता प्रकार समोर आहे हे कळत नाही. मध्यस्थ टाळू पाहणारा प्रामाणिक शेतकरी, एकाच नंबरावर पन्नास जागांच्या जाहिराती टाकून स्वतःला 'मालक' म्हणवणारा एजंट, आणि ज्याचा आधीचा नंबर बंद केला गेला आहे असा भामटा, तिघेही नंबर सारख्याच पद्धतीने मोडतात.

एजंटांचे आणखी एक कारण आहे. गुहागर-दापोलीच्या पट्ट्यातल्या जमिनींच्या जाहिराती पाहणारे लोक हल्ली नंबर शोधयंत्रात टाकून पाहतात. सरळ लिहिलेला नंबर असला, तर त्याच माणसाच्या इतर सगळ्या जाहिराती एका दमात समोर येतात आणि 'घरगुती अडचणीमुळे विकणे आहे' या वाक्यातली अडचण किती गावांत एकाच वेळी उद्भवली आहे, तेही दिसते. मोडलेला नंबर तसा शोधता येत नाही.

मालवणी_पाहुणचार

आमचे तारकर्लीजवळ घरगुती निवास आहे, दोनच खोल्या. सुरुवातीला मी सगळीकडे नंबर सरळ लिहिला होता. त्यानंतर खोलीची चौकशी करणाऱ्यांपेक्षा आमचे घर 'वरच्या पानावर' आणून देतो म्हणणाऱ्यांचे, कर्ज देणाऱ्यांचे आणि जागा विकता का म्हणून विचारणाऱ्यांचेच फोन जास्त येऊ लागले. त्याहून वाईट म्हणजे रात्री अकरानंतर येणारे फोन. बाईमाणसाचा आवाज ऐकून नुसते बोलत राहणारे. नंबर लपवण्याच्या या कारणाचा वरच्या दोन्ही उत्तरांत उल्लेख नाही, म्हणून लिहिते. बायका नंबर तोडून लिहितात किंवा नवऱ्याचा, भावाचा देतात, त्यामागे प्रोग्रामची भीती फारशी नसते.

मीही मग तो अर्धा अक्षरांत, अर्धा अंकांत लिहून पाहिला. नकोसे फोन थोडे कमी झाले, हे खरे. पण आमची नेहमीची गिऱ्हाइके म्हणजे सत्तरीच्या घरातली पुण्याची जोडपी. त्यांना नंबरावर नुसते बोट ठेवून फोन लावायची सवय असते आणि मोडलेल्या नंबरावर बोट ठेवून काहीच होत नाही. तो कागदावर उतरवून घ्यायचा, अक्षरांचे आकडे करायचे, इंग्रजी ओ दिसला तर शून्य समजायचा, यात एखादा आकडा चुकतोच. त्यातल्या एका काकांनी सांगितले की त्यांनी लावलेला फोन सांगलीच्या कोणा गृहस्थांनी उचलला आणि ते गृहस्थ वैतागून म्हणाले, 'मालवणच्या खोलीसाठी आलेला हा पहिला फोन नव्हे.' म्हणजे माझा त्रास मी भलत्याच माणसाच्या गळ्यात घातला होता. नंबर फोटोत टाकला तर दृष्टिहीन माणसाच्या फोनवरचे वाचक-ॲप तो बहुधा नीट वाचून दाखवत नाही, हेही एका पाहुण्यांनी लक्षात आणून दिले.

आता मी धंद्यासाठी वेगळे सिम घेतले आहे. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस आहे, रात्री नऊनंतर आपोआप उत्तर जाते आणि बँकेचे काहीही त्या नंबराशी जोडलेले नाही. नंबर सरळ, ठळक अंकांत लिहिते.

सेवानिवृत्त_बँकवाला

विषय चांगला निघाला आहे. जाहिरातदाराने आपला ठावठिकाणा झाकण्याची पद्धत इंटरनेटबरोबर आलेली नाही. वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत, विशेषतः स्थळांच्या जाहिरातींत, 'लिहा : बॉक्स नंबर अमुक' असे छापलेले असे, उत्तरे वर्तमानपत्राच्या कचेरीत जात आणि तेथून जाहिरातदाराकडे पाठवली जात. टॅक्सीच्या ॲपमध्ये चालकाला प्रवाशाचा खरा नंबर न दाखवता मधल्याच एका नंबरावरून दोघांना जोडून देतात, ती त्याच व्यवस्थेची सुधारलेली आवृत्ती होय. झाकण्याची जबाबदारी तेव्हा छापणाऱ्याने घेतली होती. जुन्या मालाच्या संकेतस्थळांवर ती बरीचशी जाहिरातदारावर येऊन पडली आहे, आणि तो बिचारा फुल्या टाकत बसतो.

कायद्याचा आधार किती, याविषयी गैरसमज आहेत म्हणून लिहितो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला खरा, परंतु जी माहिती व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केली आहे तिला तो लागूच होत नाही, असे त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे. आपणच जगजाहीर केलेला नंबर कोणी उचलला, तर या कायद्याखाली दाद मागणे कठीण. नकोशा जाहिरातबाज फोनांसाठी १९०९ या क्रमांकावर नोंदणी करता येते आणि ती अवश्य करावी. नोंदणीकृत विक्रेत्यांना १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिलेले आहेत. पण साध्या दहा आकडी मोबाईलवरून फोन करणारा एजंट त्या जाळ्यात आपोआप सापडत नाही, त्याची तक्रार करावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने नियमांत केलेल्या सुधारणेनंतर अशी तक्रार फोन आल्यापासून सात दिवसांपर्यंत करता येते. पूर्वी तीनच दिवस मिळत.

आपला दुसरा प्रश्न विश्वासाचा होता. नंबर कसा लिहिला आहे, यावरून मी काहीच ठरवणार नाही. बँकेत असताना जी प्रकरणे समोर आली, त्यांतल्या भामट्यांचे नंबर अगदी स्वच्छ लिहिलेले असत, कारण त्यांना फोन यायलाच हवे असतात आणि सिम दुसऱ्याच कोणाच्या नावावर असते. 'मी लष्करात आहे, बदली झाली आहे, म्हणून गाडी स्वस्तात देतो आहे' असे सांगून गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवणारा प्रकार देशभर गाजला. विकणाऱ्यालाही सोडत नाहीत. आपण टिलर विकायला काढला, तर समोरचा घासाघीस न करता किंमत कबूल करील, ॲडव्हान्स पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवील आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगेल. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. तसे घडलेच तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारींच्या क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत फिरवले जाण्यापूर्वी अडवता येण्याची शक्यता तेवढ्याच वेळात असते.

आंबेवाला_देवगड

सर्वांचे मनापासून आभार. कुडाळच्या गृहस्थांना आज फोन लावला. त्यांनी सांगितले की नंबर सरळ लिहिल्यावर जाहिरात दोनदा परत आली, म्हणून मुलाने तसा लिहून दिला. म्हणजे खाडीकाठ यांचा तर्क निदान येथे तरी बरोबर ठरला. टिलर पाहायला रविवारी जातो आहे. पैसे टिलर चालू करून पाहिल्याशिवाय देणार नाही.

एक शंका उरते. मालवणी_पाहुणचार ताईंप्रमाणे मीही वेगळे सिम घ्यावे म्हणतो, पण आमचा धंदा मार्च ते मेपुरता. पाऊस सुरू झाला की तो फोन कपाटात पडून राहणार. असे चालेल का? आणि पेट्यांवर तोच नंबर छापून घेतला तर?

मालवणी_पाहुणचार

भाऊ, कपाटात मात्र ठेवू नका. आमच्या शेजाऱ्यांनी पर्यटनाचा हंगाम संपल्यावर तसेच ठेवले होते आणि दिवाळीच्या तोंडावर पाहतात तो सिम बंद. पेटीवर नंबर छापायचा असेल, तर आधी तो वर्षभर जिवंत राहील याची सोय करा.

कोडवाला_चिपळूण

ताईंनी सांगितले त्यात नियमाची भर घालतो. सलग ९० दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही, म्हणजे कॉल, संदेश, इंटरनेट यांपैकी काहीही नाही, तर कंपनी ते बंद करू शकते. प्रीपेडमध्ये किमान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत तीस दिवसांनी वाढवली जाते. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या कोणाला दिला जातो. जून ते फेब्रुवारी हा काळ पाहता आपला नंबर पुढच्या हंगामात भलत्याच माणसाच्या हातात असणे सहज शक्य आहे, आणि आपल्या पेट्यांवर छापलेला नंबर पाहून पुण्याचे जुने गिऱ्हाईक त्याला आगाऊ पैसे पाठवून मोकळे होईल. दोन सिमच्या फोनमध्ये ते दुसऱ्या खाचेत कायम घालून ठेवा, रिचार्जची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा आणि महिन्यातून एखादा फोन त्यावरून करत जा. पेट्या छापायला देण्यापूर्वी त्या नंबरावर आधीच्या कोणाचे व्हॉट्सॲप खाते चालू नाही ना, हेही पाहून घ्या. नवे म्हणून मिळालेले सिमही पुष्कळदा कोणीतरी वापरून सोडलेलेच असते.